औषध आईला, गुण बाळाला



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी उभं आयुष्य बाळंतपणं करण्यात घालवलं. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात बाळंतपणाच्या आधीच्या महिन्यांबद्दल बोलावं, असं मी ठरवलं. पोटातल्या बाळाच्या हृदयाची लय बिघडली तर काय करायचं, हा आजचा विषय. तो थोडा तांत्रिक आहे. पण गरोदर बाई नात्यात नाही, शेजारीपाजारी नाही, असं घर सापडायचं नाही. आणि या आजारात बाळाचं पुढे काय होणार, हे पुष्कळदा तपासणीच्या कार्डावरच्या एका नोंदीवर ठरतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. लय बिघडलेल्या बाळांपैकी पुष्कळांवर पोटात असतानाच उपचार करता येतात. पण बाळाला गोळी देता येत नाही, ती आईने घ्यायची असते. जिला स्वतःला काहीही झालेलं नाही, अशा बाईने हृदयाची जबर औषधं आठवडेच्या आठवडे घ्यायची. म्हणून इथे रुग्ण दोन असतात. आईला आपण केवळ औषध पोचवण्याचा रस्ता समजलो, तर उपचार फसतो. तिलाही रुग्ण मानलं, तिच्यावर तेवढीच नजर ठेवली, तर तो बहुधा यशस्वी होतो.

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकू येतात, हे वैद्यकाला कळून दोनशे वर्षांहून थोडाच अधिक काळ झाला. 1818 साली जिनिव्हाच्या फ्रांस्वा मायोर या शल्यविशारदांनी गरोदर बाईच्या पोटाला कान लावला आणि त्यांना ते ऐकू आले. तीन वर्षांनी पॅरिसच्या केर्गारादेक यांनी तेव्हा नव्याने निघालेला स्टेथोस्कोप पोटावर ठेवला. बाळाच्या हालचालीने गर्भजलाचा आवाज होतो का, हे त्यांना ऐकायचं होतं. ऐकू आले ते जलद, दुहेरी ठोके. आईच्या नाडीशी त्यांचा काही मेळ नव्हता. बाळ जिवंत आहे हे जन्माआधी सांगण्याचं साधन त्या दिवशी हाती आलं. आपल्या सुईणी आणि नर्स पुढे पिढ्यान् पिढ्या नळी पोटाला लावून जे ऐकत आल्या, ते हेच.

हे हृदय फार लवकर कामाला लागतं. पाळी चुकल्यावर साधारण आठवड्याभरात ते धडधडू लागतं. पुढे मिनिटाला 110 ते 160 ही त्याची नेहमीची गती. 140 धरली तर दिवसाला दोन लाख ठोके होतात. प्रत्येक ठोका हृदयाच्या वरच्या कप्प्यात सुरू होतो, मधल्या एका गाठीपाशी क्षणभर थबकतो आणि खालच्या कप्प्यांत उतरतो. वरचे कप्पे आधी आकसतात, मग खालचे. ही शिस्त मोडली की लय बिघडते.

ती तीन तऱ्हांनी बिघडते. ठोका मधेच चुकतो, ठोके फार जलद पडतात किंवा फार सावकाश पडतात.

चुकणारे ठोके सर्वांत जास्त आढळतात. शंभरातल्या एखाद-दुसऱ्या गरोदरपणात नर्सला किंवा डॉक्टरांना ते ऐकू येतात. वरच्या कप्प्यातून एखादा ठोका वेळेआधी निघतो, आणि त्यानंतर एक ठोका गळल्यासारखा वाटतो. घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, पण हे ठोके जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असतात आणि आपोआप थांबतात. अशा शंभर बाळांतल्या एक ते तीन बाळांमध्ये पुढे खरी जलद लय सुरू होऊ शकते. म्हणून औषध द्यायचं नाही, ठोके मात्र पुनःपुन्हा मोजत राहायचे.

जलद लयीची गोष्ट वेगळी. हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे एरवी एकाच वाटेने जोडलेले असतात. काही बाळांत एक आडवाट राहून गेलेली असते. विजेचा संकेत नेहमीच्या वाटेने खाली उतरतो, आडवाटेने परत वर चढतो, आणि हे चक्र चालूच राहतं. ठोके मिनिटाला 220 ते 300 पर्यंत जातात. दुसऱ्या प्रकारात, ज्याला आम्ही एट्रियल फ्लटर म्हणतो, वरचे कप्पे मिनिटाला 300 ते 500 वेळा फडफडतात आणि खालचे बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याने चालतात.

इतक्या वेगात हृदयाला भरायला सवड मिळत नाही. रहाट भलत्याच जोरात फिरवला तर पोहरे अर्धेच भरून वर येतात. फिरवणारा दमतो आणि पाटाला पाणी पुरत नाही. तसंच इथे होतं. मागे रक्त तुंबतं. तुंबलेल्या रक्तातलं पाणी झिरपून बाळाच्या पोटात, छातीत, कातडीखाली साठतं. याला हायड्रॉप्स म्हणतात. यातली काही बाळं पोटातच दगावतात. एरवी त्या हृदयाची ठेवण बहुतेकदा अगदी नीट असते, नडते ती लय. ती वेळेवर ताब्यात आली तर हे बाळ चारचौघांसारखं वाढू शकतं. म्हणूनच ते हातचं जाऊ देणं जिवाला लागतं.

आता निदान कसं होतं, ते जरा जवळून पाहू. तुमचा-माझा ई.सी.जी. छातीवर पट्ट्या लावून मिनिटभरात निघतो. बाळाचा तसा निघत नाही. म्यूनिकच्या क्रेमर यांनी 1906 सालीच पोटातल्या बाळाचा विद्युत आलेख टिपला होता, पण आईच्या हृदयाच्या मोठ्या लहरींत बाळाची बारीक लहर बुडून जाते. त्यामुळे आम्ही वीज मोजत नाही, हालचाल बघतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाचं हृदय आणायचं. सहाव्या महिन्यात ते जेमतेम आपल्या अंगठ्याच्या पेराएवढं असतं. त्यातून एक सरळ रेष अशी टाकायची की ती वरच्या कप्प्याच्या भिंतीतूनही जाईल आणि खालच्याही. मग त्या रेषेवरची हालचाल काळाबरोबर सरकत पडद्यावर उमटते. एका पट्टीत वरच्या कप्प्याच्या लाटा, दुसरीत खालच्याच्या. वरच्या एका लाटेमागे खालची एक आहे का? दोन लाटांमागे एक आहे का? की दोघींचा एकमेकींशी संबंधच तुटला आहे? या तीन प्रश्नांच्या उत्तरात निदान असतं. बाळ हलतं, कूस बदलतं, पाठ करून बसतं. खोलीत अंधार, आई श्वास रोखून पडद्याकडे बघते आहे, आणि आम्ही एकेक लाट मोजतो आहोत, असा तासभर सहज जातो.

उपचारांचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. डिजिटॅलिसच्या झाडाचा हृदयावरचा गुण इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी 1785 सालच्या पुस्तकात नोंदवला. त्याच कुळातल्या दुसऱ्या एका झाडापासून 1930 साली डिगॉक्सिन वेगळं काढलं गेलं. पण आईला डिजिटॅलिस देऊन पोटातल्या बाळाची जलद लय थांबवल्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये आला तो 1980 साली. मातेच्या रक्तातलं औषध वारेतून पलीकडे जातं आणि बाळाच्या हृदयापर्यंत पोचतं, हे त्याने दाखवून दिलं. 1991 साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या लिंडसी ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लेकेनाइडचा अनुभव प्रसिद्ध केला. सूज आलेल्या बाळांत वारही सुजते आणि डिगॉक्सिन तिच्यातून पुरेसं पलीकडे जात नाही. अशा बाळांसाठी फ्लेकेनाइडचा मोठा आधार मिळाला. सोटॅलॉल हे तिसरं औषध. ॲमिओडॅरोन आम्ही शेवटी काढतो, कारण त्यातल्या आयोडिनमुळे बाळाची थायरॉइड मंदावू शकते. अगदीच प्रसंग आला तर सोनोग्राफीत बघत आईच्या पोटातून सुई घालून बाळाच्या मांडीत किंवा कुल्ल्यात डिगॉक्सिनचं इंजेक्शन देतात.

या औषधांचा गुण किती? जपानमधल्या 15 रुग्णालयांनी 2010 ते 2017 या काळात एकच उपचारपद्धती ठरवून 50 मातांवर केलेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात 49 पैकी 44 बाळांची जलद लय पोटातच थांबली. हा आकडा मी प्रत्येक आईला सांगते. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही तिला सांगावा लागतो: 50 पैकी 39 मातांना औषधांचा काही ना काही त्रास झाला. बहुतेकींचा सौम्य होता, एकीचा गंभीर. दोन बाळं वाचली नाहीत.

दहा बाळांपैकी नऊ बरी झाली, हे वाचून आपण खूश होतो. दर पाच आयांपैकी चौघींनी काही ना काही सोसलं, हे आपल्या लक्षातही येत नाही. मळमळ, उलट्या, चक्कर, गळून जाणं, डोळ्यांपुढे अंधारी. डिगॉक्सिन जास्त झालं तर दिसणाऱ्या वस्तूंना पिवळी झाक येते. हेच फ्लेकेनाइड हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या मोठ्या माणसांना दिलं गेलं, तेव्हा औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढलेले दिसले आणि 1989 साली अमेरिकेतली ती चाचणी मधेच थांबवावी लागली. निरोगी तरुण बाईचं हृदय तसं नसतं, हे खरं. तरी औषध सुरू करण्याआधी तिचा ई.सी.जी. काढायचाच, आणि सुरू केल्यावर पुनःपुन्हा काढायचा. त्यातल्या लहरी रुंदावत चालल्या आहेत का, क्यू-टी नावाचं त्यातलं अंतर लांबतं आहे का, हे बघायचं. रक्तातलं पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, मूत्रपिंडाचं काम आणि डिगॉक्सिनची पातळी तपासायची. तिच्या आईवडिलांकडे कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, हेही विचारायचं. सुरुवातीचे दिवस तिला रुग्णालयातच ठेवायचं. हे सगळं जमणार नसेल, तर गोळीला हात लावायचा नाही.

एक उदाहरण सांगते. नाव-गाव अर्थातच सांगत नाही. सव्वीसाव्या आठवड्यात एक मुलगी आली. उपकेंद्रातल्या नर्सताईंनी ठोके ऐकायचं डॉप्लर यंत्र लावलं आणि ठोके मोजता येईनात, म्हणून तसंच कार्डावर लिहून तिला पुढे पाठवलं. वाटेत कुणीतरी सांगितलं होतं, बाळ गुदमरतंय, आजच सिझर करा. ठोके होते 240. बाळाच्या पोटात पाणी दिसत होतं. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, ग्रहणात हिच्या हातून काही कापलंबिपलं गेलं असेल का?” मी म्हटलं, “मावशी, ग्रहणाने असं होत नाही. हिच्या खाण्यापिण्याने, कामाने, कशानेच झालेलं नाही. बाळाच्या हृदयात विजेची एक जास्तीची वाट राहिली आहे, इतकंच.” त्या बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि सुनेच्या तर डोळ्यांतून पाणीच आलं. तोवर तिला असं कुणी म्हटलंच नव्हतं. आईला औषध सुरू केलं आणि काही दिवसांनी लय जागेवर आली. अंगावरचं पाणी ओसरायला मात्र कित्येक आठवडे लागले. ते लागतातच, लय सुधारली की सूज त्याच दिवशी उतरेल, अशी आशा घरच्यांना लावू नये. बाळ पूर्ण दिवसांचं जन्मलं. जन्मानंतर काही बाळांत ही लय पुन्हा उसळते, जपानच्या अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांत तिसऱ्या हिश्शाच्या आसपास बाळांत ती दिसली. म्हणून जन्मानंतरही लक्ष ठेवावं लागतं.

त्या दिवशी सिझर झालं असतं तर? सव्वीस आठवड्यांचं, कच्च्या फुप्फुसांचं, अंगात पाणी साठलेलं आणि हृदय थकलेलं बाळ बाहेर आलं असतं. त्याच्यावर उपचार करणं शतपटीने अवघड. आईचं गर्भाशय हा अशा बाळासाठी सर्वांत उत्तम अतिदक्षता विभाग आहे. दिवस भरत आलेले असतील तर प्रसूतीचा निर्णय योग्य ठरू शकतो. पण पाचव्या, सहाव्या, सातव्या महिन्यात जलद ठोके म्हणजे गुदमरणं असं समजून घाई करणं, हा या आजारातला सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे.

उलटाही धोका आहे. ठोक्यांचा आलेख काढणारं यंत्र फार जलद ठोके मोजताना कधी कधी निम्माच आकडा दाखवतं. 240 चे 120 दिसतात, आणि 120 म्हणजे सारं ठीक असं समजून बाई घरी जाते. आकडा आणि कानाला येणारा आवाज जुळत नसेल, तर कानावर विश्वास ठेवून सोनोग्राफी करायला हवी.

आता सावकाश ठोके. मिनिटाला 50 ते 70 ठोके पडतात, वरचे आणि खालचे कप्पे आपापल्या तालाने चालतात. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. रचना नीट असलेल्या हृदयात हे झालं, तर कारण बहुतेकदा आईच्या रक्तात सापडतं. तिथे रो आणि ला नावाची प्रतिपिंडं असतात. काहीजणींना ल्युपस किंवा श्योग्रेनचा आजार असतो, पण पुष्कळजणींना काहीच त्रास नसतो. आपल्या रक्तात असं काही आहे, हे बाळाच्या ठोक्यांवरूनच त्यांना पहिल्यांदा कळतं. ही प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि बहुधा 18 ते 24 आठवड्यांच्या दरम्यान हृदयातली ती मधली गाठ जायबंदी करतात. अशा शंभर मातांपैकी एक-दोघींच्याच बाळांना हे होतं. मात्र एका बाळाला झालं असेल, तर पुढच्या बाळाला होण्याची शक्यता सुमारे 18 टक्क्यांवर जाते.

पूर्ण ब्लॉक झाला की तो परत फिरत नाही. वारेतून टिकून पलीकडे जाणारी डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड्स काही बाळांसाठी वापरली जातात, पण त्यांच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही आणि आई व बाळ दोघांवरही त्यांचा भार पडतो. ठोके फारच कमी असतील तर आईला साल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन देऊन ते थोडे वाढवता येतात. जन्मानंतर यातल्या बहुतेक मुलांना केव्हा ना केव्हा पेसमेकर लागतो. ती मुलं शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात.

इथे खरी आशा प्रतिबंधात आहे. न्यूयॉर्कच्या जिल बायॉन यांनी आयुष्यभर या मातांचा अभ्यास केला आहे. त्यांच्या गटाच्या 2020 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, आधीचं बाळ असं झालेल्या मातांना दहाव्या आठवड्याच्या आत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू केलं, तेव्हा पुन्हा ब्लॉक होण्याचं प्रमाण 18 टक्क्यांऐवजी साडेसात टक्क्यांच्या आत राहिलं. संधिवात आणि ल्युपसच्या रुग्णांना आपल्याकडे वर्षानुवर्षं दिली जाणारी ही गोळी आहे. फार महागही नाही. पण ती वेळेवर सुरू करायची, तर आधीच्या बाळाची नीट नोंद हवी आणि बाईने दिवस राहिल्याबरोबर यायला हवं. सामान्य लय पूर्ण ब्लॉकपर्यंत कधी कधी एका दिवसात जाते. म्हणून जोखमीच्या आठवड्यांत आईनेच घरी छोट्या डॉप्लरने दिवसातून अनेकदा ठोके ऐकावेत आणि फरक वाटताच धावत यावं, अशी पद्धत बायॉन आणि बेटिना क्युनिओ यांनी अमेरिकेत अभ्यासली. आई इथे केवळ औषध घेणारी राहत नाही, पहाऱ्यावरची पहिली व्यक्ती होते.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही. गर्भाकडे बघणारं हेच यंत्र मुली मारण्यासाठी वापरलं गेलं. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, मग 1994 साली केंद्राचा आला. आजही गरोदर बाईची सोनोग्राफी करायची तर या कायद्याखालचा ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो, बाळाच्या हृदयाची तपासणीही त्याला अपवाद नाही. हा कागद भरताना कुरकुर करणाऱ्या सहकाऱ्यांना मी सांगते, हा त्रास नव्हे, ही आपण फेडायची भरपाई आहे. ज्या यंत्राने जीव गेले त्या यंत्राने आता जीव वाचवायचे, तर ते स्वच्छ हातांनीच वापरलं पाहिजे.

मित्रहो, या सगळ्याची सुरुवात होते ती मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नव्हे. ती होते गावातल्या तपासणीत. शासनाच्या माता आणि बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या ठोक्यांसाठी रकाना आहे. कितीतरी कार्डांवर त्या रकान्यात आकडा नसतो, नुसतं ‘एफएचएस’ आणि पुढे अधिकचं चिन्ह असतं. ठोके आहेत, एवढंच त्यातून कळतं. ते 140 होते, 240 होते की 60, हे कळत नाही, आणि उपचाराची वेळ निघून जाते.

म्हणून शेवटी काही मागणी करते. नर्सताई, आशाताई आणि डॉक्टर मित्रांनो, पूर्ण एक मिनिट ठोके मोजा आणि आकडा लिहा. मोजता येत नसतील तर तसं लिहा आणि त्याच दिवशी पुढे पाठवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, निदान त्या दिवशी एकही कार्ड आकड्यावाचून परत जाऊ देऊ नका. प्रसूतितज्ज्ञांनो, दिवस भरायला अवकाश असेल आणि ठोके फार जलद किंवा फार सावकाश असतील, तर सुरी हातात घेण्याआधी बाळाच्या हृदयाच्या तज्ज्ञाला एक फोन करा. आणि घरच्यांनो, अशी बाई तुमच्या घरात असेल तर तिला दोष देऊ नका. औषध ती घेते आहे, त्रास ती काढते आहे. तिच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळा, तिला तपासणीला नेऊन आणा, तिला चक्कर येते म्हणाली तर ते खरं माना. बाळ वाचवायचं असेल तर आधी आईला सांभाळा.